ऑस्करची नामांकने २०२५ : यादीत आपण नाही, दोष नेमका कोठे आहे?

मांडवीकाठ, पणजी | २३ जानेवारी २०२५

लॉस एंजेलिसच्या परिसरातील वणव्यांमुळे दोन वेळा पुढे ढकललेली ९७व्या ऑस्कर पुरस्कारांची नामांकने आज आपल्याकडच्या सायंकाळी सात वाजता जाहीर झाली. ‘एमिलिया पेरेझ’ला १३, तर ‘द ब्रुटलिस्ट’ आणि ‘विकेड’ यांना प्रत्येकी १० नामांकने मिळाली आहेत. इंग्रजीखेरीज अन्य भाषेतील चित्रपटाला आजवर इतकी नामांकने मिळाली नव्हती. आधीचा उच्चांक १० चा होता. ब्राझीलचा ‘आय ॲम स्टिल हिअर’ हा पोर्तुगीज चित्रपट आंतरराष्ट्रीय विभागात तर आहेच, शिवाय सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या दहा नावांतही आहे. भारताशी नाते सांगणारे नाव ‘अनुजा’ या लघुपटाचे. दिल्लीतील तयार कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या दोन बहिणींची ही हिंदी कथा असून तिचे दिग्दर्शक ॲडम ग्रेव्हज हे अमेरिकन आहेत.

भारताचा अधिकृत चित्रपट ‘लापता लेडीज’ डिसेंबरमध्येच आंतरराष्ट्रीय विभागाच्या पंधरांच्या प्राथमिक यादीबाहेर राहिला. ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळाला, त्याच्या दिग्दर्शक पायल कपाडिया यांना गोल्डन ग्लोबसाठी दिग्दर्शनाचे नामांकन मिळाले, आणि तरीही ऑस्करसाठी भारताचा चित्रपट निवडणाऱ्या आपल्या फिल्म फेडरेशनच्या परीक्षकांनी सप्टेंबरमध्ये तो पाठवला नाही. हा चित्रपट पाहताना भारतात घडणारा युरोपीय चित्रपट पाहत असल्यासारखे परीक्षकांना वाटले, असे फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर मुलाखतीत सांगितले. माझे मत असे आहे की दोष ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा नाही. चित्रपट ‘भारतीय’ दिसतो की नाही हे आधी पाहण्याच्या आपल्या कसोटीचा आहे. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इफ्फी २००४ पासून आपल्या दारात भरतो आणि जगभरचे चित्रपट आपण दरवर्षी पाहतो, म्हणून या विषयावर गोमंतकीय वाचकांची मते मला मुद्दाम हवी आहेत.

साखळीकर | २३ जानेवारी २०२५

मांडवीकाठबाब, आपला रोष मला समजतो, पण निष्कर्ष मान्य नाही. परीक्षकांनी तो चित्रपट पाठवला नाही म्हणून त्याला नामांकन मिळाले नाही, असे म्हणता येणार नाही, कारण अमेरिकेत रीतसर प्रदर्शित झाल्यामुळे तो दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट या विभागांसाठी पात्र होताच. तेथील समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले होते. तरीही अकादमीच्या सदस्यांनी एकाही विभागात त्याचे नाव सुचवले नाही. हा निर्णय फेडरेशनचा नव्हता.

दुसरे असे की ‘लापता लेडीज’ला कमी लेखून आपण आपल्याच प्रेक्षकांचा अवमान करतो. रेल्वेत नवऱ्या मुलींची अदलाबदल होते आणि त्यातून प्रत्येकीला स्वतःची वाट सापडते, ही गोष्ट गावातील माणसाला कळते, तिच्यावर तो घरी जाऊन बोलतो. देशाच्या वतीने असा चित्रपट पाठवणे हा काही अपराध नव्हे.

काणकोणची वाचक | २४ जानेवारी २०२५

या वादात एक गोष्ट सर्वांच्या नजरेतून निसटते आहे. छाया कदम या दोन्ही चित्रपटांत आहेत. रेल्वे फलाटावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई त्यांचीच, आणि मुंबईतील चाळीतून बेदखल होऊन रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परत जाणारी पार्वतीही त्यांचीच. मंजू माईच्या तोंडी टाळ्या मिळवणारी वाक्ये आहेत. पार्वतीला तशी वाक्ये नाहीत. घराचे कागद नाहीत म्हणून आपण त्या घरात कधी राहिलोच नव्हतो असे ठरते आहे, हे तिला जेव्हा कळते तेव्हाचा तिचा राग अत्यंत साध्या बोलण्यातून येतो.

हा चित्रपट मी या महिन्यात घरी पाहिला. शेवटचा भाग कोकणातील समुद्रकाठी घडतो, तेथील झावळ्यांची खोपटी, ओलसर जमीन, दुपारची सुस्ती हे सारे काणकोणच्या माणसाला नवे नाही. मल्याळम, हिंदी आणि मराठी अशा तीन भाषा त्यात बोलल्या जातात, आणि मुंबईच्या लोकलमध्ये रोज तशाच बोलल्या जातात. त्याला युरोपीय म्हणणाऱ्यांनी नेमके काय पाहिले, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

मांडवीकाठ, पणजी | २४ जानेवारी २०२५

ताई, आपण माझ्यापेक्षा नेमके मांडलेत. यात एवढीच भर घालतो की ते परीक्षक मंडळ तेरा जणांचे होते आणि तेराही पुरुष होते.

पेडणेकर | २४ जानेवारी २०२५

मला एक शंका आहे. या महिन्याच्या आरंभी ‘कंगुवा’, ‘आडुजीवितम’, ‘स्वातंत्र्यवीर सावरकर’ हे चित्रपट ऑस्करच्या शर्यतीत दाखल झाल्याच्या बातम्या मी वाचल्या होत्या, आणि ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’चे नावही त्यांतच होते. मग ते चित्रपट कालच्या यादीतून कोठे गेले?

डिचोलीचा रसिक | २४ जानेवारी २०२५

पेडणेकर, ती नामांकनांची यादी नव्हती, पात्र चित्रपटांची होती. अमेरिकेतील ठरावीक सहा महानगर विभागांपैकी एकात किमान सात दिवस चित्रपट प्रदर्शित करायचा आणि कागदपत्रे भरायची, एवढे केले की नाव त्या यादीत येते. यंदा तिच्यात ३२३ चित्रपट होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पुरस्कारासाठी याहून अधिक शहरांत प्रदर्शन आणि समावेशकतेचे निकष अशा आणखी अटी असतात, त्या पूर्ण करणारे २०७ होते. मतदारांच्या हाती विचारार्थ दिलेला तो कच्चा पट असतो, गुणवत्तेचा त्याच्याशी संबंध नसतो. वर्तमानपत्रे दर जानेवारीत याला शर्यत म्हणतात आणि वाचकांची अकारण निराशा होते.

गोव्याला याचा अनुभव आहे. बार्डरॉय बार्रेटो यांचा ‘नाचूंया कुंपासार’ २०१५ च्या अशाच ३०५ चित्रपटांच्या यादीत होता. त्या वेळी कोकणी चित्रपट ऑस्करला पोहोचला म्हणून सगळीकडे अभिनंदनाचा वर्षाव झाला आणि नंतर नामांकन नाही म्हणून हळहळ झाली. वास्तविक त्या चित्रपटाचे कर्तृत्व वेगळेच होते. संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्या काळातील कोकणी गाणी त्याने नव्या पिढीच्या ओठांवर आणली, ती गाणी वाजवणाऱ्या गोमंतकीय वादकांना मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताने श्रेय दिले नव्हते हे त्याने दाखवून दिले, आणि गावोगावच्या लोकांनी सभागृहांत जाऊन तो पाहिला. त्याला उत्कृष्ट कोकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एवढे असताना आपण त्याचे मोठेपण त्या ३०५ नावांच्या आधारे सांगत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

पेडणेकर | २४ जानेवारी २०२५

आभारी आहे. हे इतके स्पष्ट करून कोणत्याही बातमीत सांगितलेले नव्हते.

दोनापावला | २५ जानेवारी २०२५

माझे शिक्षण पणजीच्या लिसेव या पोर्तुगीज शाळेत गोवा मुक्तीपूर्वी झाले, त्यामुळे पोर्तुगीज चित्रपटाविषयी दोन शब्द लिहिण्याचा अधिकार मी घेतो. ब्राझीलच्या लोकांचे पोर्तुगीज आमच्या शिक्षकांच्या पोर्तुगीजपेक्षा फार मोकळे, सैल आहे, आणि कानाला त्याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

फर्नांदा तोरेस यांना अभिनेत्रीचे नामांकन मिळाले, याचा आनंद मला सर्वांत अधिक आहे. त्यांच्या आई फर्नांदा मोंतेनेग्रो यांना ‘सेंट्रल स्टेशन’साठी १९९९ साली हेच नामांकन मिळाले होते, तेव्हाही दिग्दर्शक वॉल्टर सालेस हेच होते. त्या वर्षी पुरस्कार ग्वेनेथ पॅल्ट्रो यांना गेला. आता मुलगी नामांकित झालेल्या चित्रपटात, तीच व्यक्तिरेखा वृद्धापकाळी आईने साकारली आहे. कथा खरी आहे. १९७१ मध्ये लष्करी राजवटीने माजी खासदार रुबेन्स पायवा यांना घरातून नेले आणि ते परत आले नाहीत. पत्नी युनिस यांनी पाच मुले वाढवली, पुढे कायद्याचे शिक्षण घेतले आणि पतीच्या मृत्यूची कबुली शासनाकडून मिळेपर्यंत त्या थांबल्या नाहीत.

एक जुना इतिहासही नोंदवतो. रिओच्या कार्निव्हालात घडणारा ‘ब्लॅक ऑर्फियस’ हा पोर्तुगीज भाषेतील चित्रपट १९६० मध्ये परभाषिक चित्रपटाचा ऑस्कर मिळवून गेला, पण तो फ्रान्सच्या नावावर, कारण पाठवला फ्रान्सने होता. पोर्तुगालला तर या विभागात आजवर एकही नामांकन नाही. सर्वाधिक वेळा चित्रपट पाठवून रिकाम्या हाताने राहिलेला देश तोच आहे. यंदा त्यांनी मिगेल गोमेस यांचा ‘ग्रँड टूर’ पाठवला होता, ज्याला कानमध्ये दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता. तेव्हा मांडवीकाठबाब, उत्तम आणि कानमध्ये गौरवलेला चित्रपट पाठवला म्हणजे नामांकन मिळतेच, असे समजू नये.

मांडवीकाठ, पणजी | २५ जानेवारी २०२५

काका, पोर्तुगालचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाते हे मान्य. तरीही यंदाची आंतरराष्ट्रीय विभागाची पाच नावे पाहा. जर्मनीने ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ पाठवला आहे, जो फारसी भाषेतील, इराणच्या मोहम्मद रसूलोफ यांचा आहे. फ्रान्सने पाठवलेल्या ‘एमिलिया पेरेझ’ची भाषा स्पॅनिश आहे. पंधरांच्या यादीपर्यंत पोहोचलेला ‘संतोष’ हिंदीत आहे, उत्तर भारतातील एका महिला पोलिसाची कथा सांगतो, आणि तो ब्रिटनने पाठवला होता. या देशांनी चित्रपट आपल्यासारखा दिसतो का, हा प्रश्न विचारलाच नाही. तो उभा राहण्यात आपला वाटा आहे का, एवढेच विचारले. फ्रान्सच्या निवड समितीने तर ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’लाही शेवटच्या चारांत घेतले होते, कारण त्यात फ्रेंच निर्मात्यांचे पैसे आहेत. परक्यांनी आपल्या चित्रपटाला स्वतःचा म्हणून विचारात घ्यावे आणि आपण त्याला परका म्हणावे, हे मला सहन होत नाही.

साखळीकर | २५ जानेवारी २०२५

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. ‘संतोष’ पंधरांत होता आणि तो हिंदीत आहे, हे मला ठाऊक नव्हते. तरीही पैशाचा प्रश्न शिल्लक राहतो. २००४ मध्ये ‘श्वास’ गेला तेव्हा अमेरिकेतील प्रचारासाठी लोकांनी देणग्या गोळा केल्या होत्या. अकादमीचे जवळजवळ दहा हजार सदस्य आहेत. त्यांना चित्रपट दाखवायचा, त्याविषयी बोलायचे, जाहिराती द्यायच्या, तर त्याला मोठ्या स्टुडिओचे पाठबळ लागते. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे तीन मराठी चित्रपट भारताने पाठवले, आणि तिन्ही दर्जेदार असूनही नामांकनापर्यंत गेले नाहीत. या विभागातील भारताची आजवरची नामांकनेही तीनच, ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’.

चित्रचौकट, फोंडा | २६ जानेवारी २०२५

मी ॲनिमेशनचे काम करतो, त्यामुळे साखळीकरांच्या पैशाच्या मुद्द्याला माझ्या क्षेत्रातून उत्तर देतो. लाटव्हियाच्या ‘फ्लो’ला ॲनिमेशन आणि आंतरराष्ट्रीय चित्रपट अशा दोन विभागांत नामांकने मिळाली आहेत. पुराच्या पाण्यात सापडलेले मांजर, होडीत त्याला एकेक करून भेटणारे कॅपिबारा, लेमूर, कुत्रा, पक्षी, आणि एकही संवाद नाही. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोदिस यांनी तो ब्लेंडर या सॉफ्टवेअरवर केला. ब्लेंडर पूर्णपणे विनामूल्य आहे आणि फोंड्यातील माझ्या संगणकावरही तेच आहे. चित्रपटाचा खर्च सुमारे ३५ लाख युरो. आपल्याला ही रक्कम मोठी वाटेल, पण त्याच विभागात स्पर्धेत असलेल्या पिक्सारच्या चित्रपटांचे अंदाजपत्रक याच्या कितीतरी पट असते.

लाटव्हियाची लोकसंख्या एकोणीस लाखांच्या आत आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साडेचौदा लाखांच्या वर होती, म्हणजे दोन्ही समाज जवळजवळ एकाच आकाराचे. तेथील चित्रपटगृहांत ‘फ्लो’ हा आजवरचा सर्वाधिक पाहिला गेलेला चित्रपट ठरला, आणि त्याला मिळालेली गोल्डन ग्लोबची मूर्ती रिगा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात ठेवली तेव्हा ती पाहायला लोकांनी रांगा लावल्या. मला यात धडा दिसतो तो पैशाचा नव्हे. अशी कामे एका झेपेत होत नाहीत. झिल्बालोदिस यांनी त्याआधीचा ‘अवे’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट अक्षरशः एकट्याने केला होता, आणि त्या चित्रपटापासून या चित्रपटापर्यंतचा काळ त्यांच्या देशाच्या चित्रपट निधीने त्यांना सांभाळले. आपल्याकडे पहिल्या चित्रपटाला कशीबशी मदत मिळते, दुसऱ्यापर्यंत तो दिग्दर्शक टिकतो का, याची चौकशी कोणी करत नाही. लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या ‘पलतडचो मुनिस’ला २००९ मध्ये टोरंटोत आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला होता. त्या यशानंतर गोव्यात दहा दिग्दर्शक उभे राहायला हवे होते.

म्हापशेकर | २६ जानेवारी २०२५

चित्रचौकट, हा प्रतिसाद वाचून मी मुलीला ब्लेंडर उतरवून दिले. तिला पुढे काही अडले तर आपल्याला विचारू.

चित्रचौकट, फोंडा | २६ जानेवारी २०२५

अवश्य विचारावे. सुरुवात वस्तूंच्या आकारांपासून करावी, हालचालींची घाई करू नये.

डिचोलीचा रसिक | २७ जानेवारी २०२५

एका वेगळ्या प्रकाराकडे लक्ष वेधतो. ‘एमिलिया पेरेझ’मध्ये झोई साल्दान्या पडद्यावर इतर कोणाहीपेक्षा अधिक वेळ आहेत, कथा त्यांच्या वकिलाच्या डोळ्यांतून उलगडते, आणि नामांकन मात्र साहाय्यक अभिनेत्रीचे आहे. ‘अ रिअल पेन’मधील किरन कल्किन यांचेही तसेच; दोन चुलत भावांचा प्रवास आहे आणि त्यांतील एक भाऊ साहाय्यक ठरतो. कोणत्या विभागात नाव न्यायचे हे प्रचार करणारे स्टुडिओ सुचवतात आणि मतदार बहुधा तेच मानतात. गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत एखाद्या मंडळाने नायकाचे नाव साहाय्यक भूमिकेसाठी दिले, तर फोंड्याचे प्रेक्षक मध्यंतरातच त्याचा जाब विचारतील. यात खरी हानी होते ती दोन-चार प्रसंगांत जीव ओतणाऱ्या कलावंताची, कारण त्याच्यासाठी ठेवलेली जागा मुख्य भूमिकेने व्यापलेली असते. मंजू माईचे काम याच जातीचे आहे, आणि म्हणूनच मला या अन्यायाची चीड आहे.

काणकोणची वाचक | २७ जानेवारी २०२५

पूर्ण सहमत. दिग्दर्शकांच्या पाच नावांत एकच स्त्री आहे, ‘द सबस्टन्स’च्या कोराली फार्जा, हेही नोंदवून ठेवावे. ‘अनुजा’विषयी कोणी लिहिले नाही. कारखान्याच्या मालकाची भूमिका आपल्या नागेश भोसले यांनी केली आहे. नऊ वर्षांच्या मुलीला शाळा आणि कारखाना यांतून निवड करावी लागते, एवढ्या एकाच गाठीवर बावीस मिनिटे उभी आहेत. नायिका साजदा पठाण ही स्वतः दिल्लीतील रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या आधाराने वाढलेली मुलगी आहे. दिग्दर्शक परदेशी आहेत म्हणून तिचे कौतुक करताना आपण हात आखडता घेऊ नये.

दोनापावला | २८ जानेवारी २०२५

वाचकताईंचे म्हणणे योग्य आहे. ‘गांधी’चे दिग्दर्शकही परदेशी होते, आणि त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. तो भारतीय व्यक्तीला मिळालेला पहिला ऑस्कर होता, आणि तो आपण आपलाच मानतो.

साखळीकर | ८ फेब्रुवारी २०२५

माझ्या पैशाच्या मुद्द्याला मीच एक अपवाद शोधून आणला आहे. माहितीपटांत नामांकन मिळालेल्या ‘नो अदर लँड’ला अमेरिकेत एकही वितरक मिळालेला नाही. पॅलेस्टिनी आणि इस्रायली तरुणांनी मिळून केलेला हा माहितीपट, बर्लिनमध्ये पुरस्कार मिळूनही मोठ्या कंपन्यांनी तो घेतला नाही, आणि निर्माते तो स्वतःच चित्रपटगृहांत नेत आहेत. सदस्यांनी पाहिला आणि मत दिले. उलट ज्याच्यामागे सर्वांत मोठा प्रचार होता, त्या ‘एमिलिया पेरेझ’ची मुख्य अभिनेत्रीच्या जुन्या लिखाणावरून उठलेल्या वादळात काय स्थिती झाली ते आपण पाहतोच आहोत. पैसा लागतो या मतावर मी कायम आहे, पण त्यानेच सर्व काही ठरते हे माझे विधान मी मागे घेतो.

मांडवीकाठ, पणजी | ३ मार्च २०२५

आज पहाटे निकाल लागले. ‘अनोरा’ला पाच, त्यांतले चार एकट्या शॉन बेकर यांना. ‘एमिलिया पेरेझ’ला तेरा नामांकनांतून दोनच. ‘फ्लो’ने लाटव्हियाला पहिले ऑस्कर मिळवून दिले आणि ‘आय ॲम स्टिल हिअर’ने ब्राझीलला. ‘नो अदर लँड’लाही मिळाले. ‘अनुजा’ला मिळाले नाही, पुरस्कार डच लघुपटाला गेला.

दोनापावला | ३ मार्च २०२५

तोरेसबाईंना मिळाले नाही याचे दुःख आहे, मिकी मॅडिसन यांचे अभिनंदनही आहे. तेथे रिओत आणि येथे आपल्याकडे एकाच वेळी कार्निव्हालचे दिवस चालू असताना ही बातमी आली. ब्राझीलमध्ये त्या चित्रपटाला लाखो प्रेक्षकांनी तिकीट काढून आधीच स्वीकारले होते, हे मात्र आपल्या चर्चेत कोणी ठळकपणे मांडले नाही. लाटव्हियातही तेच घडले. आपण पाठवायचा चित्रपट निवडतो तेव्हा तो आपल्या लोकांनी पाहिलेला असतो का?

काणकोणची वाचक | ४ मार्च २०२५

काका, ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ भारतभर लागला तो २२ नोव्हेंबरला, आणि निवड झाली सप्टेंबरमध्ये. नियमासाठी लागणारे सात दिवस केरळातील मोजक्या चित्रपटगृहांत आधी भरून काढले होते. लोकांनी पाहण्यापूर्वीच त्याचा निकाल लागला होता. ‘लापता लेडीज’ त्या वर्षीच्या एप्रिलपासून घरोघरी पोहोचलेला होता. परीक्षकांच्या मनावर याचा परिणाम झाला नसेल असे मला वाटत नाही, आणि त्यासाठी मी त्यांना पूर्ण दोष देणार नाही.

पेडणेकर | २२ एप्रिल २०२५

जुना धागा वर काढतो, कारण बातमी संबंधित आहे. पुढच्या वर्षापासून अंतिम फेरीत मत देण्यासाठी सदस्यांना त्या विभागातील सर्व नामांकित चित्रपट पाहणे बंधनकारक केले आहे. म्हणजे आजवर न पाहता मत देता येत होते, हेच मला धक्कादायक वाटले. या नियमाने आपल्यासारख्यांना लाभ होईल का?

डिचोलीचा रसिक | २२ एप्रिल २०२५

लाभ होईल तो नामांकन मिळालेल्या छोट्या चित्रपटांना. नामांकनाच्या फेरीला हा नियम लागू नाही, आणि आपण अडतो ते तेथेच. आंतरराष्ट्रीय विभागात मात्र नामांकनासाठी मत देणाऱ्यांनी पंधराही चित्रपट पाहावेत अशी अट आधीपासून आहे. त्यामुळे पंधरांत पोहोचलेल्या चित्रपटाला, तो कितीही लहान असो, निदान प्रेक्षक मिळतो. यंदा तो प्रेक्षक ‘संतोष’ला मिळाला, आपण पाठवलेल्या चित्रपटाला मिळाला नाही.

मांडवीकाठ, पणजी | २३ एप्रिल २०२५

मग माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला थोडे बदलावे लागेल. कसोटी चुकीची होती, यावर मी ठाम आहे, पण काणकोणच्या ताईंनी दाखवलेला वेळापत्रकाचा मुद्दा तितकाच खरा आहे. निवडीला पाठवायचे चित्रपट जुलै-ऑगस्टपर्यंत देशभर लागले पाहिजेत, आणि परीक्षक मंडळात स्त्रिया, तसेच विविध भाषांतील माणसे असली पाहिजेत. या दोन मागण्यांचे निवेदन तयार करून फेडरेशनकडे सप्टेंबरपूर्वी पाठवावे असा माझा प्रस्ताव आहे. मसुदा मी रविवारपर्यंत येथे टाकतो. साखळीकरबाब, आपण तो कठोरपणे तपासावा ही विनंती.

साखळीकर | २३ एप्रिल २०२५

तपासतो. त्यात तिसरी मागणी घाला, निवडलेल्या चित्रपटाच्या अमेरिकेतील प्रदर्शनासाठी सरकारी निधीची, आणि ती निवड जाहीर होताच मिळाली पाहिजे असे स्पष्ट लिहा.